इंदापूरच्या माळावरून इंजिनापर्यंत

नीरा नदीच्या काठी साखरेचे गाव वसविणारे वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत एकच आग्रह धरला होता. यंत्र केवळ वापरण्यात आणि दुरुस्त करण्यात समाधान न मानता ते येथेच घडविले पाहिजे, असा तो आग्रह होता. त्यांच्या जीवनकार्याचा हा मागोवा.

बारामतीहून इंदापूरकडे जाणारा रस्ता हा तुकोबांच्या पालखीचा रस्ता. भवानीनगरच्या साखर कारखान्याची धुराडी मागे पडली, लासुर्णे ओलांडले, की जंक्शन नावाचे गाव लागते. ऊस वाहणारे ट्रॅक्टर, मालमोटारी, जीपगाड्या आणि दुचाकी यांची येथे सदैव वर्दळ असते. साहजिकच या रस्त्याला गॅरेजांची वाण नाही. यांपैकी कोणत्याही गॅरेजात डोकावले, तर ऑइलच्या डब्यांशेजारी फळीवर छोट्या बाटल्यांची रांग मांडलेली दिसते. इंजिनात साठलेली काजळी आणि गाळ धुऊन काढणारे हे द्रव असतात. काही पेट्रोलच्या टाकीत ओतायचे, तर काही ऑइल बदलण्यापूर्वी इंजिनात घालायचे. गाडीचा ओढा कमी झाला, मायलेज घटले, की आधी एक बाटली ओतून पाहावी आणि मग इंजिन खोलण्याचा विचार करावा, असा आता सर्वसाधारण रिवाज झाला आहे.

याच जंक्शनवरून एक रस्ता वालचंदनगरकडे वळतो. ज्यांच्या नावाने हे नगर वसले, त्या वालचंद हिराचंद यांची ओळख आजच्या पिढीला बहुधा साखर कारखान्यापुरती किंवा सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयापुरती असते. परंतु देशात मोटार तयार व्हावी, तिचे इंजिन येथील कामगारांनी घडवावे, यासाठी ज्या मोजक्या लोकांनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली, त्यांत वालचंद अग्रभागी होते. इंजिनाची निगा राखणाऱ्यांच्या या रस्त्यावर इंजिन घडविण्याचा ध्यास घेतलेल्या या माणसाचे स्मरण म्हणूनच अप्रस्तुत ठरू नये.

सोलापूरची पेढी, बार्शीची रेल्वे

वालचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन पंथाचे. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि येथलेच झाले. वडील हिराचंद नेमचंद यांची सावकारी आणि कापसाची पेढी होती. जन्मानंतर अल्पावधीतच मातृछत्र हरपल्याने वालचंद यांचे संगोपन चुलत्यांच्या घरी झाले. १८९९ मध्ये ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथे त्यांनी काही काळ शिक्षण घेतले. परंतु पदवी न घेताच ते घरच्या व्यवसायात परतले.

पेढीवर बसून व्याजाचे हिशेब मांडणे हा त्यांचा पिंड नव्हता. लक्ष्मणराव फाटक नावाच्या, पूर्वी रेल्वेत कारकुनी केलेल्या गृहस्थांशी त्यांची गाठ पडली आणि १९०३ मध्ये या दोघांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामातील ठेका घेतला. ज्या घराण्यात कापूस आणि हुंड्या यांचाच व्यवहार चालत आला होता, त्या घराण्यातील तरुणाने माती, खडी आणि रुळांचा व्यवसाय पत्करणे हे त्या काळी धाडसच होते. फाटकांना रेल्वेच्या कामाची खाचखळगे ठाऊक होती आणि वालचंद यांच्यापाशी भांडवल उभे करण्याची पत होती. हा मेळ उत्तम जमला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी बांधकामांनी या व्यवसायाला गती दिली. पुढे टाटा कन्स्ट्रक्शन कंपनीत ही संस्था विलीन झाली. भोर घाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरविणारी तानसाची जलवाहिनी ही कामे वालचंद यांच्या नावाशी जोडली गेली आहेत. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली. मोठी कामे परदेशी कंपन्यांनीच करावीत आणि एतद्देशीयांनी त्यांना मजूर पुरवावेत, ही रूढ समजूत या कामांनी मोडीत काढली.

'लॉयल्टी'चा प्रवास

ठेकेदारीत जम बसलेल्या वालचंद यांनी १९१९ मध्ये समुद्राकडे मोर्चा वळविला. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांनी महायुद्धात रुग्णालय म्हणून वापरलेली आगबोट विकावयास काढली होती. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने वालचंद यांनी ती विकत घेतली. सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीची ही सुरुवात होती. 'लॉयल्टी' नावाची ही बोट ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून इंग्लंडला निघाली. १९६४ पासून हाच दिवस देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

मात्र जहाज विकत घेणे आणि जहाजवाहतुकीचा धंदा टिकविणे यांत मोठे अंतर होते. लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश कंपन्यांचे भारतीय किनाऱ्यावर वर्चस्व होते. नवी कंपनी उभी राहताच त्यांनी भाडे पाडले आणि दरयुद्ध छेडले. १९२३ मध्ये सिंधिया कंपनीला तडजोडीचा करार करून किनारी वाहतुकीपुरते मर्यादित व्हावे लागले. ही तडजोड वालचंद यांच्या मनाला लागून राहिली. 'लॉयल्टी' ही परदेशात बांधलेली, आयुष्याचा बराच भाग सरलेली बोट होती आणि त्याच वर्षी ती मोडीत निघाली. दुसऱ्याने घडविलेले, वापरून जुने झालेले यंत्र घेऊन त्याच्याशी स्पर्धा करता येत नाही, हा धडा त्यांनी येथे घेतला. पुढची तीस वर्षे त्यांनी जे जे हाती घेतले, त्यामागे हा धडा उभा असल्याचे जाणवते.

नीरेच्या काठचे नगर

इंदापूर तालुक्याशी वालचंद यांचा संबंध उसामुळे आला. नीरा डावा कालवा १८८०च्या दशकात वाहू लागला होता आणि भाटघरच्या धरणाने त्याला पाण्याची हमी दिली होती. दुष्काळाच्या छायेत राहणाऱ्या बारामती आणि इंदापूर या तालुक्यांत पाणी आले; परंतु ते पाणी पेलणारे भांडवल आणि बाजारपेठ यांचा अभाव होता. मार्सलंड प्राइस ही १९०८ साली नोंदलेली कंपनी वालचंद यांच्या ताब्यात आल्यानंतर तिच्यामार्फत कळंब परिसरात उसाचे विस्तीर्ण मळे उभे राहिले. १९३२ मध्ये साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत येथे साखर कारखान्याची चाके फिरू लागली. नाशिक जिल्ह्यातील रावळगावचा कारखानाही याच काळातला.

माळरानावर कारखाना उभारताना त्याबरोबर गावही उभारावे लागते. कामगारांची घरे, शाळा, दवाखाना, रस्ते, मळ्यांतून ऊस वाहून आणणारी अरुंद रुळांची गाडी, असा सारा संसार येथे मांडला गेला. परगावचे फिटर, टर्नर, बॉयलर सांभाळणारे कारागीर येथे स्थायिक झाले. शेतकऱ्यांच्या मुलांच्या हाती पान्हा आणि मायक्रोमीटर आला. सहकारी साखर कारखान्यांची चळवळ अद्याप दूर होती. भवानीनगरचा छत्रपती, माळेगाव, सोमेश्वर, कर्मयोगी, नीरा-भीमा हे कारखाने नंतर उभे राहिले.

या चित्राला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य होणार नाही. खासगी साखर कंपन्यांचे हे मळे ज्या जमिनींवर फुलले, त्यांतील बरीच जमीन स्थानिक शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेली होती. १९६१ च्या जमीनधारणा कायद्यानंतर ती मूळ मालकांकडे न जाता राज्य शेती महामंडळाकडे गेली. खंडकरी शेतकऱ्यांच्या पिढ्या आपल्याच जमिनीसाठी मोर्चे काढीत आणि न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिल्या. २०१२ नंतर जमिनी परत मिळू लागल्या, तेव्हा खंड करून देणाऱ्यांपैकी फारसे कोणी हयात नव्हते. महामंडळाचा निर्णय वालचंद यांच्या पश्चात झाला, हे खरे. तथापि मोठ्या उद्योगाच्या पायाखाली कोणाची तरी जमीन असते, याची आठवण इंदापूरच्या लोकांना कोणी करून द्यावी लागत नाही.

मोटारीचा ध्यास

त्या काळी भारतात मोटारी धावत होत्या. पण त्या घडत नव्हत्या. अमेरिकेच्या जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला आणि त्यानंतर फोर्डनेही मुंबईत बस्तान बसविले. पेट्यांत भरून आलेले भाग येथे जोडले जात आणि गाडी रस्त्यावर येई. इंजिन मात्र सीलबंद येई. त्याचा दट्ट्या कसा ओततात, क्रँकशाफ्ट कसा घडवितात, सिलिंडर किती सूक्ष्म मापाने कातावा लागतो, ही विद्या त्या पेटीतून येत नसे.

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ मध्ये युरोप आणि अमेरिकेचा दौरा करून भारतात मोटार कारखाना काढण्याची सविस्तर योजना तयार केली. मुंबईच्या उद्योजकांतून या योजनेचा भार उचलण्यास वालचंद पुढे आले. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि त्याने योजनेला अनुकूलता दाखविली. १९३९ मध्ये वालचंद अमेरिकेला गेले. फोर्डशी बोलणी फळाला आली नाहीत. मात्र क्रायस्लर कंपनी तांत्रिक साहाय्य देण्यास तयार झाली आणि १९४० मध्ये करार झाला.

इकडे दुसरे महायुद्ध सुरू झाले होते, खेर मंत्रिमंडळ पायउतार झाले होते आणि दिल्लीतील सरकारची भूमिका थंड होती. हा कारखाना युद्धकार्याला तातडीने उपयोगी नाही, त्याच्या यंत्रांसाठी परकीय चलन आणि जहाजांत जागा देता येणार नाही, असे कारण पुढे करण्यात आले. सैन्याला तर हजारो मोटारी हव्या होत्या. त्या परदेशातून येत राहिल्या आणि येथे केवळ जोडल्या जात राहिल्या. वालचंद यांच्या उमेदीची चार वर्षे या पत्रव्यवहारात गेली.

विमान आणि जहाज

१९३९ च्या त्याच अमेरिका दौऱ्याहून परतताना विमानप्रवासात वालचंद यांची विल्यम पॉली या अमेरिकन उद्योजकाशी भेट झाली. पॉली चीनमध्ये विमाने तयार करीत होते. प्रवासातील या ओळखीतून विमान कारखान्याची कल्पना पुढे आली. म्हैसूर संस्थानाने भांडवल आणि जागा दिली आणि डिसेंबर १९४० मध्ये बंगळुरू येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली. १९४१ मध्ये तेथे जोडलेले पहिले शिकाऊ विमान उडाले.

त्यानंतर जे घडले, ते वालचंद यांच्या आयुष्यातील मोठे शल्य ठरले. जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत आल्या आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्याकडे घेतला. त्यांना मोबदला मिळाला. पण कारखाना गेला. पुढे तो अमेरिकन हवाई दलाच्या विमानांच्या डागडुजीसाठी वापरण्यात आला. मोठमोठ्या विमानांची इंजिने तेथे खोलली गेली, धुतली गेली, पुन्हा बसविली गेली. शेकडो भारतीय कारागीर त्या कामात तयार झाले, हा लाभ नाकारता येत नाही. तरीही विमान बनविण्यासाठी उभारलेली वास्तू दुरुस्तीची शाळा झाली, ही गोष्ट उरतेच. आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था याच कारखान्याचा वारसा सांगते.

जहाजबांधणीची कथा याहून फार वेगळी नाही. विशाखापट्टणम येथे २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते जहाज कारखान्याची कोनशिला बसली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये त्या बंदरावर जपानी बॉम्ब पडले आणि काम खोळंबले. अखेर १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरू यांच्या हस्ते 'जलउषा' हे जहाज पाण्यात उतरले. स्वतंत्र भारतात बांधले गेलेले ते पहिले मोठे जहाज होते. कारखाना चालविण्याचा खर्च मात्र कंपनीला पेलवेना आणि १९५२ मध्ये त्यात सरकारचा मोठा वाटा आला.

कुर्ल्याची मोटार

इतक्या आघातांनंतरही मोटारीचा विषय त्यांनी सोडला नव्हता. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, तेथून क्रायस्लर समूहाच्या गाड्या आणि मालमोटारी बाहेर पडू लागल्या. प्रारंभी ही जुळणीच होती. परंतु परदेशी जुळणी कारखान्यांत आणि या कारखान्यात एक भेद होता. येथे दरवर्षी आणखी काही भाग देशात बनवावयाचे, असा निर्धार होता. १९५०च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाट कंपनीशी सहकार्य सुरू झाले.

वालचंद यांची प्रकृती मात्र साथ देईना. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते कामातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की त्याच वर्षी जकात आयोगाच्या शिफारशींवरून सरकारने ठरविले, की ज्या कंपन्यांपाशी येथे उत्पादन करण्याचा कार्यक्रम नाही, त्यांनी केवळ जुळणीचा धंदा बंद करावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी भारतातून काढता पाय घेतला. विश्वेश्वरय्यांनी आखलेले आणि वालचंद यांनी धरून ठेवलेले धोरण अखेर राज्यकर्त्यांनी स्वीकारले. ते पाहण्यास वालचंद उरले नाहीत.

फियाट ११०० ही कुर्ल्याची गाडी १९५४ पासून मध्यमवर्गाच्या स्वप्नांत शिरली. १९७०च्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले. काळ्या-पिवळ्या रंगात तिने मुंबईची टॅक्सी म्हणून अर्धशतकाहून अधिक काळ सेवा बजावली. नव्या शतकाच्या उंबरठ्यावर तिचे उत्पादन थांबले. मुंबईत टॅक्सी म्हणून नोंदलेली अखेरची पद्मिनी वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली.

काजळी आणि औषध

या पद्मिनीच्या आठवणी काढताना जुने मेकॅनिक दोन गोष्टी सांगतात. इंजिन साधे होते, आणि ते वारंवार खोलावे लागे. १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे हे इंजिन कार्ब्युरेटरवर चाले. हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण त्यात तंतोतंत राखता येत नसे. पेट्रोल जास्त झाले की ते पुरते जळत नसे आणि दट्ट्याच्या माथ्यावर, व्हॉल्व्हवर, प्लगच्या टोकांवर काजळीचा थर बसे. त्यात केरोसीनची भेसळ झाली, तर थर अधिकच वाढे. मग सिलिंडरचे डोके उतरवून काजळी खरवडून काढावी लागे. याला गॅरेजच्या भाषेत डिकार्बन करणे म्हणत. कार्ब्युरेटरची जेट फुंकणे आणि प्लग काचकागदाने घासणे हे तर टॅक्सीवाल्याचे नित्यकर्म होते.

खरवडण्याचे हे काम आता बरेचसे बाटलीतील द्रवाकडे आले आहे. त्यातील शोधक रसायनाचे तत्त्व साबणासारखे असते. रेणूचे एक टोक मळाला चिकटते, दुसरे पेट्रोलमध्ये मिसळून राहते आणि मळ सुटून जळून जातो. पॉलिइथर अमाइन या वर्गातील द्रव्ये ज्वलनकक्षातील उष्णताही सोसतात, म्हणून चांगल्या प्रतीच्या बाटल्यांत ती असतात. मात्र या औषधाला मर्यादा आहेत. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, तेथे आत येणाऱ्या हवेच्या व्हॉल्व्हला पेट्रोलचा स्पर्शच होत नाही. त्यामुळे टाकीत ओतलेला द्रव तेथली काजळी काढू शकत नाही. ऑइलमध्ये घालावयाचा द्रव फार जुन्या, गाळाने भरलेल्या इंजिनात वापरला, तर सुटलेला गाळ ऑइलच्या जाळीत अडकून इंजिन जाम होण्याचा धोका असतो. झिजलेल्या रिंगा आणि बसलेले बोअर तर कोणत्याही बाटलीने सुधारत नाहीत. वेळच्या वेळी बदललेले ऑइल, स्वच्छ फिल्टर आणि शुद्ध इंधन हीच इंजिनाची खरी निगा होय.

बारामती-इंदापूरच्या संदर्भात या विषयाला आणखी एक पदर आहे. उसाच्या मळीपासून आणि रसापासून आसवन्यांत तयार होणारे इथेनॉल आता पेट्रोलमध्ये मिसळले जाते. २००१ मध्ये मिरज आणि मनमाड येथे त्याचे प्रारंभीचे प्रयोग झाले, २००३ मध्ये काही राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि २०२५ मध्ये हे प्रमाण वीस टक्क्यांवर पोहोचले. इथेनॉल हे स्वतःच चांगले द्रावक आहे. जुन्या गाडीच्या टाकीतील आणि नळ्यांतील वर्षानुवर्षांचा चिकटा ते सोडविते. हा चिकटा फिल्टरमध्ये येऊन अडकतो, म्हणून जुन्या गाडीत आरंभी फिल्टर लवकर बदलावा लागतो. ते पाणीही शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. त्याची उष्णताशक्ती पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांशाने कमी असल्याने मायलेज थोडे घटते. हे गुणदोष समजून घेतले, तर कोणती बाटली हवी आणि कोणती नको, हे गाडीमालकाला स्वतःच ठरविता येईल. वालचंद यांच्या हयातीत त्यांच्या समूहाचा ऊस नीरेकाठी पिकत होता आणि मोटार कुर्ल्यात जोडली जात होती. आज त्याच परिसरातील ऊस मोटारीच्या टाकीत पोहोचला आहे.

मागे काय उरले

वालचंद यांच्या कार्याचे मूल्यमापन करताना केवळ गौरवात अडकून चालणार नाही. सरकारी संरक्षणाची त्यांची मागणी परकीय राजवटीत रास्त होती. परंतु त्याच संरक्षणाच्या भिंतींआड पुढे मोटार उद्योग सुस्तावला. गाडीसाठी ग्राहकाला वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे आणि हाती येई ते १९५०च्या दशकातील आराखड्याचे इंजिन. दोन-चार घराण्यांच्या हाती परवाने असल्याने सुधारणेची निकड कोणाला भासली नाही. १९८०च्या दशकात मारुतीची गाडी आली, तेव्हा पद्मिनीचे वय एकाएकी सर्वांच्या लक्षात आले. घडविण्याची विद्या एकदा आत्मसात केली म्हणजे काम संपले, असे होत नाही. ती दरवर्षी नव्याने शिकावी लागते. वालचंद यांचा आग्रह त्यांच्या पश्चात अर्धाच पाळला गेला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

तो पाळला गेला, तेथे त्याला फळ आले. वालचंदनगरच्या कार्यशाळेत १९५०च्या दशकाच्या मध्यापासून साखर कारखान्यांची यंत्रे तयार होऊ लागली. जी यंत्रे कधी काळी परदेशातून आणावी लागत, ती इंदापूर तालुक्यातून इतरत्र जाऊ लागली. पुढे याच कार्यशाळेत इस्रोच्या अग्निबाणांच्या मोटरींची आवरणे आणि नौदलाच्या जहाजांचे गिअरबॉक्स तयार झाले. सांगलीत १९४७ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढे वालचंद यांचे नाव मिळाले आणि तेथून अभियंत्यांच्या पिढ्या बाहेर पडल्या. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत इटलीच्या पियाजिओ कंपनीची तीनचाकी वाहने बनतात आणि भारत फोर्जचे घडीव भाग तयार होतात. सीलबंद पेट्यांतून इंजिने येण्याचा काळ या परिसराने फार मागे टाकला आहे.

गं. दे. खानोलकर यांनी वालचंद यांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे. ते चाळताना ठायी ठायी जाणवते, की या माणसाच्या वाट्याला यशापेक्षा अडवणूक अधिक आली. जहाजाचा धंदा किनाऱ्यापुरता रोखला गेला, विमानाचा कारखाना हातचा गेला, मोटार दशकभर लांबली. तरी प्रत्येक वेळी त्यांनी पुढचा कारखाना आखला.

जंक्शनच्या गॅरेजात आजही एखादी जुनी गाडी येते, मेकॅनिक तिचे बॉनेट उघडतो, कानोसा घेतो आणि फळीवरची बाटली उचलतो. काजळी धुतली जाते, गाडी पुन्हा वाटेला लागते. निगा राखण्याचे हे कौशल्य मोलाचेच आहे आणि त्यावर या रस्त्यावरील अनेकांची चूल पेटते. परंतु तेथून वालचंदनगरकडे वळणारा रस्ता त्याहून कठीण अशा एका कामाकडे जातो. इंजिन धुण्याच्या विद्येबरोबर ते घडविण्याची विद्याही आपल्या हाती असावी, यासाठी एका माणसाने सोलापूरची सुखाची पेढी सोडली होती.